डबल बेल

तिसरा टप्पा, नंदुरबार ते तोरणमाळ.
पेपरातला नकाशा घडी घालून
मी त्याच खिशात ठेवला
ज्यात सव्वीस वर्षं तिकिटांचा पंच होता.
हिलाल ड्रायव्हरनं किक मारली.
"चाल भो, आपलाच रूट शे."

शहराबाहेर मिरचीच्या पथाऱ्या,
एकरच्या एकर लाल.
सव्वाशे सायकली तिथून निघाल्या
आणि सव्वाशे नाकं एकदम शिंकली.
पथारीवरच्या बाया तोंडाला पदर लावून हसल्या.
"या कोठे चालनात रे भो?"
"तोरणमाळ."
"मंग येष्टी नही का?"
आम्हा दोघांना यावर काही सुचेना.
निवृत्त माणसांना असे प्रश्न विचारू नयेत.

प्रकाशाच्या पुलावर तासभर बसलो.
आले, तेव्हा आधी आवाज आला :
दादरचं पोतं कुणी पत्र्यावर रितं करावं, तसा.
मग रंग. मग वारा.
मग पुन्हा तापी, संथ, जणू तिनं काही पाहिलंच नाही.
हिलालची विडी पेटायच्या आत सगळं संपलं.
"इतलंच?" तो म्हणाला,
आणि गाडी पाटचारीच्या रस्त्याला घातली,
जुन्या पेपरांत गुंडाळलेल्या पपयांमधून,
म्हसावद चुकवून, धूळ खात,
त्यांच्या आधी घाट गाठायला.

सात पायरीचा घाट मला पायांनी पाठ आहे.
दुसऱ्या वळणाला कोंबड्यांची पाटी धरायची.
तिसऱ्याला आश्रमशाळेची पोरं खिडकीबाहेर ओकायची.
चौथ्याला हिलाल पहिला गिअर टाकायचा
आणि गाडी बाळंतिणीसारखी कण्हायची.
पाचव्या वळणाच्या कठड्यावर
जामसिंग पावरा आधीच बसलेला.
हा आमचा जुना पॅसेंजर :
तिकीट कायम काळापाणीपर्यंतच,
पुढं पायी. चार रुपये वाचायचे.

त्यानं विचारलं, "यांना चढायचे पैसे मिळतात?"
"मिळतात. नोकरीच आहे त्यांची."
तो बराच वेळ खालच्या रस्त्याकडं बघत राहिला.
"मी न देण्यासाठी चढायचो," म्हणाला.
हसला का, ते कळलं नाही.
उन्हात त्याचा चेहरा तसाही मिटलेलाच असतो.

पहिले सात गेले. तोंडं उघडी, डोळे कुठंच नाहीत.
मग तिघं, मग एकटा, मग वीसेकांचा घोळका,
घाम डांबरावर टपटपत.
इथं पुलासारखं नव्हतं,
इथं प्रत्येकाचा श्वास वेगळा ऐकू येत होता.
मग बराच वेळ कुणीच नाही.
माणसं उठली, चादरी झटकल्या,
भुईमुगाची टरफलं दरीत गेली.

आणि मग एकशे चौदा.
गुडघा सोललेला, पाठीवरचा आकडा एका टोकाला सुटलेला.
त्याच्या मागं, अगदी मागं,
हरलेल्यांना गोळा करणारी गाडी,
दार अर्धं उघडं.
पाचव्या वळणावर त्यानं पाय टेकला.
दारातल्या माणसानं हात पुढं केला.
ती गाडी मी ओळखतो.
त्या दारात मी सव्वीस वर्षं उभा होतो.

जामसिंग कठड्यावरून उतरला.
पाणी दिलं नाही, ढकललं नाही, बोलला नाही.
काठी घेतली आणि
वरच्या दिशेनं आपला चालू लागला,
काळापाणीच्या पुढं चालायचा तसा,
घाई नाही, थांबणं नाही.
एकशे चौदानं त्याच्या टाचांकडं पाहिलं.
पायडल एकदा फिरलं.
पुन्हा एकदा.

वर तो वेळेत पोचला की नाही, माहीत नाही.
पेपरात पहिले दहाच छापतात.
पण त्या क्षणी माझा हात डोक्यावर गेला,
नसलेली दोरी शोधत,
हिलालचा डावा हात नसलेल्या गिअरवर,
आणि माझ्या तोंडून,
साठी उलटलेल्या माणसाच्या तोंडून,
सगळ्या घाटासमोर निघालं,
टण टण.